खंडेनवमीला झोपवलेला सर्व्हर

म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या एका गल्लीत ज्या घराला लोक अजून ‘रंगाऱ्यांचं घर’ म्हणतात, त्या घरात खरा रंगारी आता एकच उरला आहे. वेंकोबा. तरुणपणी त्यांनी परसातल्या रांजणांत साड्या बुडवल्या होत्या. पुढे रांजण गेले, लाकडी ठसे माळ्यावर गेले, आणि त्यांचे धाकटे चुलतभाऊ वेंकटेश यांनी तळमजल्यावर कापड छापणारी दोन लांबलचक यंत्रं आणून बसवली. खाली कारखाना, वर घर. नक्षी संगणकावर काढायची, कोपऱ्यातल्या सर्व्हरवर ठेवायची, आणि यंत्राने ती तिथून उचलून रेशमावर छापायची. वेंकोबांना यातलं काहीच रंगकाम वाटत नसे. तरी कारखान्यात सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच.

वेंकटेशांच्या मुलाची, सुदीपची, बायको म्हणून या घरात आली ती नव्या, जवळच्या पिरियापट्टणची. नक्षीकाम रीतसर शिकलेली. लग्न ठरत होतं तेव्हा आपण नवऱ्याच्या आधी कारखाना पाहिला आणि होकार कारखान्याला दिला, असं ती सुदीपला येता-जाता चिडवायची. बिचारा सुदीप हसून सोडून द्यायचा, कारण त्यात तथ्य होतं.

पण गेलं वर्षभर तिचं टेबल वरच्या मजल्यावर होतं, धान्याच्या डब्यांशेजारी. तिथे बसून ती नक्षी काढायची आणि सुदीप ती पेन ड्राइव्हवर खाली न्यायचा. आपल्याच नक्षीचं कापड तिला दिसायचं ते दोरीवर वाळताना, गॅलरीतून. खाली येऊ नकोस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. टेबल तेवढं उचलून वर नेतात.

झालं असं होतं. म्हैसूरमध्ये खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेला, हत्यारं आणि यंत्रं झोपवतात. स्वच्छ पुसून, हळदकुंकू लावून, शेवंतीच्या माळा घालून ती बंद करायची. कुणी बोटही लावायचं नाही. दारात कोहळा फोडायचा, कडलेपुरी, म्हणजे फुटाणे घातलेले चुरमुरे, वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, यंत्रं जागवून पहिलं वारभर कापड चामुंडी देवीसाठी छापायचं. सर्व्हरही यंत्रच, त्यालाही माळ, त्यालाही झोप. एरवी इन्व्हर्टरच्या जिवावर तो बारा महिने जागा असे. गेल्या वर्षी नवी सून म्हणून दिवा ओवाळायचा मान नव्याला मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हर जागा झाला पण एक नक्षी छापायला देईना. दिवसभर यंत्रं उभी राहिली आणि बंगळूरच्या एका लग्नाच्या साड्या वेळेवर गेल्या नाहीत.

पूर्वी रांजण बिघडला, रंग धरेनासा झाला, की या घरात एकच प्रश्न विचारत: काल रांजणाजवळ कोण गेलं होतं? नवी सून, पाहुणा, दूधवाला, जो सापडेल तो. वेंकोबांनी तोच प्रश्न विचारला. उत्तर समोर थाळी घेऊन उभं होतं. ‘पायगुण’ हा शब्द त्यांनी फक्त एकदा उच्चारला. पण असले शब्द एकदाच उच्चारावे लागतात.

खरी गोष्ट सुदीपला तेव्हाच सापडली होती. त्या उन्हाळ्यात त्याने सर्व्हरवर फायरवॉल बसवली होती, म्हणजे नेटवर्कमधून आत यायची नको ती दारं बंद ठेवणारी भिंत. सगळे संगणक सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कमधून आपल्याच असल्यासारख्या वापरतात; पण एक फाइल दोघांनी एकदम ओढू नये म्हणून आधी सर्व्हरकडून तिचं कुलूप मागून घ्यावं लागतं. ही कुलपं सांभाळणारा सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसतो. त्याला ठरावीक दार नेमून दिलं नाही तर तो दरवेळी उठून भलत्याच दारात जाऊन बसतो, आणि फायरवॉलने तर एकच दार उघडं ठेवलेलं. सुदीपने त्या दाराचा नंबर कर्नलला हाताने टाइप करून सांगितला होता. हाताने सांगितलेलं यंत्र बंद केलं की विसरतं. खंडेनवमीला ते विसरलं. म्हणजे एकाच उन्हाळ्यात घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या, सून आणि फायरवॉल. दोष कुणाला द्यायचा हे घराला लगेच सुचलं, कारण फायरवॉल कुणाला दिसत नव्हती.

सुदीपने नंबर पुन्हा टाइप केला, शिवाय सर्व्हर उठताना जी फाइल वाचतो तिच्यात लिहूनही ठेवला. ‘‘आता जन्मात असं होणार नाही,’’ असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि टेबल वरच राहिलं.

यंदा अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे नव्याच्या सासूबाईंनी, हट्ट धरला की दिवा पुन्हा नव्याच ओवाळेल. वेंकटेशांनी दोन्ही बाजू सांभाळत म्हटलं, ‘‘आयतु, ठरलं तर. उद्या सगळं नीट उठलं की दसऱ्यानंतर टेबल खाली आणू.’’ नव्याने ते वाक्य मनात इतक्या वेळा घोळवलं की रात्री धड झोप लागली नाही. दिवा ओवाळतानाही तिने देवीकडे काही मागितलं नव्हतं. सर्व्हरकडेच बघून ती मनात म्हणाली होती, बाबा रे, उद्या शहाण्यासारखा ऊठ.

विजयादशमीची सकाळ. दुपारी जंबू सवारी, म्हणजे हत्तीवरच्या अंबारीची मिरवणूक, त्यामुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद व्हायच्या आत सगळं आटपायची घाई. गल्लीतून माणसांचे लोंढे आतापासूनच चालले होते. सुदीपने सर्व्हर सुरू केला. यंत्र चालवणारी सुमा नवं लुगडं नेसून आली होती. तिने संगणकावर दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याची नक्षी उघडली. पडद्यावरचं चाक फिरू लागलं. फिरत राहिलं. सुमाने माऊस हलवला, पदर सारखा केला, पुन्हा माऊस हलवला.

वेंकोबा खाकरले.

‘‘थांबा, थांबा दोड्डप्पा,’’ थोरल्या काकांना थोपवत सुदीप घाईने सर्व्हरच्या पडद्यासमोर बसला. दाराचा नंबर पाहिला. शून्य. त्याने उठतानाची फाइल उघडली. त्याची ओळ जागच्या जागी होती, एक अक्षर चुकलेलं नव्हतं. त्याने ती दोनदा वाचली. लिहिलेलं आहे आणि तरी लागू नाही, याचा अर्थ त्याला लागेना. आणि मग, फक्त क्षणभर, त्याने मान वळवून नव्याकडे पाहिलं.

त्या नजरेत काय होतं ते नव्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. वेंकोबांचं बोलणं तिने वर्षभर सोसलं, कारण रात्री हा माणूस त्यावर हसायचा. आज तो हसत नव्हता. हातातली कडलेपुरीची वाटी तिने तिथेच स्टुलावर ठेवली आणि ती जिना चढू लागली.

अर्ध्या जिन्यात असतानाच तिला खालून यंत्राची घरघर ऐकू आली. सुदीपने नंबर हाताने टाइप केला असणार. पाठोपाठ वेंकोबांचा आवाज: ‘‘नोडु, बघ वेंकटेश! ती वर गेली आणि चाललं. मी सांगितलो नव्हतो?’’

नव्या थांबली. आतापर्यंत डोळ्यांत पाणी होतं, ते तिथल्या तिथे आटलं आणि त्या जागी राग आला. चांगला, खणखणीत राग. वर्षभर त्याची वाट पाहत असल्यासारखी ती वळली आणि खटाखट पायऱ्या उतरून खाली आली. यंत्रातून देवीचं कापड बाहेर येत होतं. ते पूर्ण होईपर्यंत ती थांबली. सुमाने ते कापून थाळीत ठेवल्यावर ती म्हणाली, ‘‘अहो, सर्व्हर बंद करा.’’

‘‘काय?’’ सुदीप.

‘‘बंद करा आणि परत चालू करा.’’

‘‘अय्यो!’’ वेंकोबांनी दोन्ही हात वर केले. ‘‘आजच्या दिवशी जागवलेलं यंत्र परत झोपवायचं? असं कुणी करत नाही गं! चाललंय की, सुम्मने, उगाच का हात लावायचा?’’

वेंकटेशही चुळबुळले. चालत्या गाडीला खीळ घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण अन्नपूर्णाबाईंनी देवीची थाळी उचलली आणि दाराशी जाता जाता म्हणाल्या, ‘‘होगली, जाऊ दे भावजी. देवीचं कापड झालं, देवीचं काम संपलं. आता तो नुसता डबा आहे. पोरीला बघू दे काय बघायचं ते.’’

सुदीपने सर्व्हर बंद केला, चालू केला. सुमाने नक्षी उघडली. चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. वेंकोबा काही बोलणार इतक्यात नव्या मोठ्याने हसली. सगळे तिच्याकडे बघू लागले. ही हसण्याची वेळ होती का?

‘‘दोड्डप्पा, आत्ता कुणी दिवा ओवाळला?’’ तिने विचारलं. ‘‘मी तर दाराजवळ उभी आहे. बटण यांनी दाबलं. मग का रुसला?’’

वेंकोबा म्हणाले, ‘‘गोत्तिल्लम्मा, ठाऊक नाही बाई,’’ आणि टोपी सारखी केली.

‘‘हा बंद करून चालू केला की दरवेळी रुसतो. आपण वर्षातून एकदाच बंद करतो, म्हणून वर्षातून एकदाच रुसतो. पूजेला रुसत नाही. झोपेला रुसतो.’’ मग ती सुदीपच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, ‘‘मघाशी तू माझ्याकडे बघितलंस. ते मी नंतर काढणार आहे. आधी हे शोध.’’

सुदीपचे कान लाल झाले. त्याने मान खाली घालून शोधायला सुरुवात केली. तो आपल्या फाइलीतच पुन्हापुन्हा चूक शोधत होता. चूक तिथे नव्हतीच. नव्याने विचारलं, हा उठतो तेव्हा काय काय केलं ते कुठे लिहून ठेवतो का? ठेवतो. मग ते उघड. पडद्यावर ओळींच्या ओळी आल्या. नव्याला त्यातली निम्मी अक्षरं कळत नव्हती, पण नक्षीत हजार टिंबांतलं एक चुकलेलं टिंब हेरायची तिच्या डोळ्यांना सवय. तिने बोट ठेवलं. ‘‘हे काय म्हणतंय?’’

सुदीपने वाचलं. दाराचा नंबर लिहायला गेलो, लिहिता आला नाही, अशी जागाच नाही, सोडून देत आहे. एवढं बोलून सर्व्हर शांतपणे पुढच्या कामाला लागला होता. ना घंटा, ना लाल दिवा.

‘‘जागा नाही कशी? आत्ता तर आहे,’’ सुदीप पुटपुटला.

‘‘आत्ता आहे. तेव्हा होती का?’’

दोघांनी खाली खाली वाचत नेलं. बऱ्याच ओळींनंतर तो दिसला. कुलपं सांभाळणारा, लॉकडी नावाचा कर्नलचा तुकडा, तेव्हा कुठे आत येत होता. सुदीपने कपाळावर हात मारून घेतला. फाइल वाचून नंबर सांगायचं काम आधी होत होतं, आणि ज्याला तो सांगायचा तो मागाहून येत होता. नंबर ठेवायची जागा त्याच्याबरोबरच येते. तो नाही तर जागा नाही. वर्षभर ती ओळ फाइलीत निरुपयोगी पडून होती आणि सुदीप तिच्या भरवशावर निश्चिंत होता.

‘‘मला कुणी मराठीत सांगाल का?’’ वेंकोबा वैतागून म्हणाले.

सुदीप मॉड्यूल, कर्नल करत सांगू लागला. वेंकटेश मान डोलावत होते, म्हणजे त्यांनाही कळत नव्हतं. नव्याने त्याला थांबवलं.

‘‘दोड्डप्पा, लाल रंगात कापड बुडवायच्या आधी तुम्ही काय करत होता?’’

‘‘तुरटीच्या पाण्यातून काढायचं. हे काय विचारणं झालं?’’

‘‘आणि कुणी आधी रंगात घातलं आणि तुरटी मागाहून लावली तर?’’

‘‘धरेल कसा मग? पहिल्या धुण्यात निघून जाणार सगळा!’’ वेंकोबा असे चिडले की जणू कुणी खरंच त्यांच्या रांजणाशी तसं वागलं होतं.

‘‘यांनी तेच केलंय. नंबर हा रंग. रंग बरोबर आहे, मापही बरोबर आहे. पण तुरटी मागाहून येते. दर खंडेनवमीला एक धुणं होतं आणि रंग जातो.’’

वेंकोबांनी सर्व्हरकडे पाहिलं, मग सुदीपकडे, आणि ज्या स्वरात ते पूर्वी हाताखालच्या पोरांना झापत असतील त्या स्वरात म्हणाले, ‘‘इंजिनिअर झालास आणि तुरटी विसरलास?’’

सुदीपला ते बोलणं सन्मानासारखं वाटलं. त्याने एक नवी छोटी फाइल केली. तिच्यात एकच शब्द लिहायचा होता, त्या कुलूपवाल्याचं नाव. सर्व्हर उठताना ही फाइल सेटिंगांच्या आधी वाचली जाते. म्हणजे आधी कुलूपवाला आत येईल आणि मग त्याला नंबर सांगितला जाईल. वर्षभराच्या वनवासावर एका शब्दाचा उपाय, हे बघून नव्याला हसावं की रडावं कळेना.

‘‘आता कोण चालू करणार?’’ वेंकटेशांनी विचारलं.

सुदीपचा हात बटणाकडे गेला होता. तो त्याने मागे घेतला. नव्याला कळलं की हा आपल्याला मान देतोय, आणि त्याच वेळी हेही कळलं की यात काय धोका आहे. उठला तर उठला. नाही उठला, तर ‘तिच्या हातून’ हे शब्द या घरात तिच्या म्हातारपणापर्यंत पुरतील. तिने तळवे पदराला पुसले आणि बटण दाबलं.

पंखा घुमू लागला. सर्व्हर उठायला जो वेळ घेतो तो त्याने अगदी निवांत घेतला. सुदीप दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला होता, म्हणजे त्याने काही टाइप केलं असं नंतर कुणी म्हणायला नको. सुमाने नक्षी उघडली. चाक एकदा फिरलं आणि गेलं, आणि पडद्यावर गंडभेरुंडाची दोन्ही डोकी आली. यंत्र घरघरलं.

नव्याने इतका लांब श्वास सोडला की अन्नपूर्णाबाई दारातूनच म्हणाल्या, ‘‘हळू गं, पणती विझेल.’’ आणि मग त्याच हसत सुटल्या, वेंकटेश हसले, सुमा तर खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी राहिली. गेलं वर्षभर नव्याच्या खांद्यांवर काहीतरी बसलं होतं, ते उठून गेल्याचं तिला स्पष्ट जाणवलं. खांदे दुखत होते हे तिला आत्ता कळत होतं.

वेंकोबा मात्र हसत नव्हते. ते यंत्राजवळ जाऊन कापडावरचा ओला रंग न्याहाळत होते. ‘‘एकदा उठला म्हणजे नशीब,’’ ते म्हणाले. ‘‘रांजणाची परीक्षा दुसऱ्या बुडवणीला.’’

‘‘बरोबर आहे,’’ नव्या म्हणाली. तिने सर्व्हर बंद केला आणि बाजूला सरकली. ‘‘या दोड्डप्पा. आता तुम्ही चालू करा.’’

‘‘मी?’’

‘‘तुम्हीच. दुसरी बुडवणी तुमची.’’

वेंकोबा दोन पावलं पुढे आले. रुंद, जुन्या डागांचा हात त्यांनी बटणापर्यंत नेला आणि तो तिथेच अडकला. अर्धं आयुष्य रंगात काढलेला माणूस त्या इवल्याशा बटणाकडे घाबरून बघत होता. ‘‘नको गं,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘माझ्या हातून नाही उठला तर?’’

बोलून झाल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. त्यांनी नव्याकडे पाहिलं. तिने त्यांना मनसोक्त सुनावलं असतं तरी त्या दिवशी तिला कुणी दोष दिला नसता, आणि तशी दोन-चार वाक्यं तिच्याकडे वर्षभर तयार होती. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत तिला तेच दिसलं जे मघाशी बटण दाबताना तिच्या मनात होतं, आणि तिची वाक्यं तोंडाशी येऊन विरघळली.

‘‘उठतो दोड्डप्पा,’’ ती म्हणाली. ‘‘आता कुणाच्याही हातून उठतो. दाबा.’’

त्यांनी डोळे मिटून दाबलं. कुणीही न सांगता सुमाने चाक गेल्यावर मोठ्याने ‘‘आलं!’’ म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. कापड पुढे सरकत होतं. वेंकोबांनी टोपी काढून घाम पुसला, आणि मग एकदम सगळ्यांवर ओरडले, ‘‘बघत काय उभे राहिलात? पोरीला वर्षभर डब्यांत नेऊन बसवलंत, कुणाला काही वाटलं नाही?’’

अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. बाहेर रस्त्यावरून सवारीला निघालेल्यांचा गलका वाढत होता आणि वेंकटेश चपला शोधत होते, पण वेंकोबा दाराकडे गेले नाहीत. नव्याचं टेबल खाली आणायला ते जिन्याकडे वळले, आणि सुदीप त्यांच्यामागे धावला, कारण ते टेबल एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं.